डोंगर, दोर आणि परतीची वाट

(मंडळाच्या रास अल खैमा इथल्या हिवाळी डोंगरसहलीच्या आधी सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. छापण्यासाठी थोडा नीटनेटका केला आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे आभार. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर आणि व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस एसीत बसून लोकांना सल्ले द्यायचे आणि त्याचं बिल पाठवायचं. आज सल्ला फुकट आहे, त्यामुळे तो कोणी ऐकेल की नाही याची जरा शंकाच आहे!

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी एव्हरेस्टवीर वगैरे नाही. पुण्यात कॉलेजात असताना सह्याद्रीत भरपूर भटकलो, उत्तरकाशीला बेसिक कोर्स केला, आणि नोकरीसाठी दुबईत आल्यापासून हिवाळ्यातले जमतील तेवढे शनिवार-रविवार इथल्या डोंगरांत काढतो. बस्स, एवढंच भांडवल. पण आपल्या सहलीची सूचना ग्रुपवर पडली आणि एक मजा झाली. एका काकांनी लिहिलं, "हायकिंगला येणार." एका वहिनींनी विचारलं, "ट्रेकिंगला मुलं चालतील का?" एका मित्राने "रॉक क्लाइंबिंग आहे का?" म्हणून उत्साह दाखवला, आणि एका आजींनी भारतातून आपल्या मुलाला कळवलं की हे गिर्यारोहण वगैरे काही करायचं नाही, दोन मुलांचा बाप आहेस!

सहल एकच आणि नावं चार. आपल्याला वाटतं, काय फरक पडतो? शेवटी डोंगर चढायचा. पण फरक पडतो. बूट कुठले घ्यायचे इथपासून तो फरक सुरू होतो. तुमच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सची पॉलिसी एकदा काढून बारीक अक्षरांत वाचा. अनेक पॉलिसींमध्ये ठराविक उंचीच्या वर गेलात तर संरक्षण नाही, आणि दोर वापरून चढाई केलीत तर तेही नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही 'ट्रेक'ला गेला होता की 'माउंटेनिअरिंग'ला, हा प्रश्न हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली की एकदम लाखमोलाचा होतो.

मग फरक ठरवायचा कशावरून? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, उंचीवरून. ते उत्तर लगेच बाद करू या. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. इथलं जेबेल जैस साधारण १९०० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच. पण जैसवर आपण चक्क गाडीने, मागे मुलं आणि डिकीत बटाटेवडे घेऊन जातो. आणखी गंमत सांगतो. विमानात केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते. म्हणजे दुबई-मुंबई प्रवासात जेवणाचा ट्रे पुढ्यात घेऊन बसलेला प्रत्येक जण आपल्या फुप्फुसांच्या हिशोबाने कळसूबाईच्या वरच असतो. त्याला काही कोणी गिर्यारोहक म्हणत नाही!

दुसरं उत्तर असतं, किती दमलो त्यावरून. तेही खरं नाही. ऑगस्टमध्ये इथे पार्किंगपासून ऑफिसपर्यंत चालतानासुद्धा माणूस दमतो.

मी माझ्यापुरता एक प्रश्न तयार केला आहे, आणि आज तोच तुमच्यासमोर ठेवणार आहे. तो असा, की *परतीची वाट कोण सांभाळतं?* चढून कसं जायचं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण सुखरूप घरी कशाच्या भरवशावर यायचं, हे विचारलं की हे चारही प्रकार आपोआप वेगळे होतात.

पहिलं हायकिंग. इथे परतीची वाट ही वाटच सांभाळते. पायवाट आहे, सकाळी निघालो, संध्याकाळच्या आत गाडीपाशी परत. आपला रविवार सकाळचा सिंहगड आठवा. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, आणि उतरताना ताकवाल्या मावशी. इथे हत्ताला खुणा केलेल्या पायवाटा आहेत, शौकाला आहेत, जैसवरही आहेत. हे सगळं हायकिंग. यात कमीपणा काही नाही. उलट सर्वांना, आजोबांपासून नातवापर्यंत, एकत्र करता येणारा हा एकच प्रकार आहे.

पण सह्याद्रीतल्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. सह्याद्रीत आपल्याला पावसाची, शेवाळ्याची, निसरड्या मातीची भीती. इथे मुख्य शत्रू म्हणजे ऊन. झाड नाही, सावली नाही, वाटेत ताकवाली तर नाहीच नाही. हजर पर्वतरांगेतला कातळ दिवसभर तापतो आणि खालूनही भाजतो. म्हणून इथला मोसम साधारण नोव्हेंबर ते मार्च. माणशी तीन-चार लिटर पाणी पाठीवर हवंच, आणि अर्धं संपलं की मागे फिरायचं. 'संपलं की' नव्हे, 'अर्धं संपलं की'.

आणि दुसरा शत्रू म्हणजे पाणीच! वाळवंटात बुडून मरण्याची भीती कोणाला खरी वाटत नाही. पण वाडी म्हणजे नदीचं कोरडं पात्र. वर डोंगरात कुठे तरी पाऊस पडतो, आपल्या डोक्यावर निळं आकाश असतं, आणि काही मिनिटांत लोंढा येतो. खडक पाणी शोषत नाही, झाडं अडवत नाहीत, सगळं पाणी त्या एका चिंचोळ्या पात्रात उतरतं. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस इथल्या कोणीच विसरलेलं नाही. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच्या आधीच, २०२३ मध्ये, सरकारने नियम कडक केले होते. पावसात दऱ्यांजवळ किंवा धरणांजवळ गर्दी केली तर १००० दिरहॅम दंड, आणि पूर आलेल्या वाडीत गाडी घातली तर २००० दिरहॅम, २३ ब्लॅक पॉइंट्स आणि गाडी ६० दिवस जप्त. आपल्याकडे वर्षासहल हा सोहळा असतो. इथे ढग दिसले की डोंगर नको, एवढं सोपं सूत्र आहे.

आता दुसरं, ट्रेकिंग. हा शब्द आला दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांच्या भाषेतून. बैलगाड्यांत संसार भरून केलेला लांबचा प्रवास म्हणजे ट्रेक. आपण लोहगडला एका दिवसात जाऊन येतो आणि त्यालाही ट्रेक म्हणतो, ते सवयीने. खरा ट्रेक म्हणजे अनेक दिवसांची वाटचाल. मुक्काम, शिधा, स्वयंपाक, सामान, आणि रोज गाडीपासून आणखी लांब. इथे परतीची वाट नुसती पायवाट सांभाळत नाही, *नियोजन* सांभाळतं. तिसऱ्या दिवशी कोणाचा पाय मुरगळला तर जवळचं गाव कुठलं, खाली उतरायची आडवाट कुठली, हे पहिल्या दिवशी माहीत असावं लागतं.

आपल्या लोकांचा सध्याचा आवडता ट्रेक म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्प, उंची ५३६४ मीटर. दुबईहून काठमांडू चारेक तासांचं विमान, ईदची सुट्टी, त्याला जोडून चार दिवसांची रजा, की झाला प्लॅन. आणि इथेच घोळ होतो. बेस कॅम्पला हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. आपण राहतो समुद्रसपाटीवर, अक्षरशः समुद्राकाठी. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ एचआरच्या लीव्ह पॉलिसीवर ठरत नाही. साधारण नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम तिथेच करायचा. दिवसा वर जाऊन आलात तर हरकत नाही, झोपायला खाली.

विरळ हवेचा त्रास सुरू होतो डोकेदुखी, मळमळ आणि झोप न येण्याने. इथे थांबलात तर बहुतेक वेळा निभावतं. पण बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला थांबेना, तर फुप्फुसांत पाणी झालेलं असू शकतं. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देऊ लागला, सरळ रेषेत टाच-चवडा जोडून चालता येईना, तर मेंदूला सूज असू शकते. दोन्हींवर पहिला आणि खरा उपाय एकच. ताबडतोब खाली उतरायचं. रात्र असली तरी.

यात फसवी गोष्ट अशी की व्यायामाचा इथे फारसा उपयोग नाही. आमच्या गटात एक मॅरेथॉन पळणारे गृहस्थ होते. सर्वांत तंदुरुस्त. दिंगबोचेला, ४४०० मीटरच्या आसपास, त्यांचं डोकं ठणकू लागलं, रात्री उलट्या झाल्या. सकाळी गाइडने त्यांना सांगितलं, तुम्ही खाली. ते चिडले, म्हणाले, "एवढे पैसे भरलेत, मी चालतो की!" गाइड शांतपणे त्यांची सॅक उचलून उताराला लागला. नामचेला पोचेपर्यंत साहेबांना भूक लागली होती, आणि तिसऱ्या दिवशी फोनवर ते हसत होते. त्यांच्या मागून धापा टाकत चालणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या त्यांच्या सहकारी बाई मात्र बेस कॅम्पला पोचल्या! डोंगराला तुमचं टायमिंग दाखवून उपयोग नसतो.

तिसरं, रॉक क्लाइंबिंग. आपला सुंदर मराठी शब्द, प्रस्तरारोहण. इथे उंची कमी असेल, पण उभी. पायवाट संपली, हात वापरल्याशिवाय वर जाता येत नाही. आणि परतीची वाट सांभाळतो *दोर आणि दोर धरणारा जोडीदार*. लोकांचा समज असा की दोराला लोंबकळून वर चढायचं. तसं नसतं. चढायचं आपल्या हातापायांनीच, कातळातल्या खाचा, भेगा, कंगोरे धरून. दोर असतो तो पडलात तर थांबवण्यासाठी. खाली उभा असलेला जोडीदार तो दोर सोडत आणि आवळत असतो, त्याला बिले देणं म्हणतात. त्या वेळी त्याचं लक्ष मोबाइलकडे गेलं तर संपलं. म्हणून चढण्याआधी दोघांनी एकमेकांच्या गाठी आणि हार्नेस तपासायचे, शंभराव्या वेळीसुद्धा. आमच्या व्यवसायात स्वतःचा कोड स्वतः तपासून पास करायचा नसतो, तसंच हे.

या चढाईच्या अवघडपणाची जी अमेरिकन मोजपट्टी आहे ती आमच्या क्षेत्रातल्या लोकांना फार आवडते. साधं चालणं म्हणजे एक, हातांचा थोडा आधार म्हणजे तीन, आणि दोर लागणारी खरी कातळचढाई म्हणजे पाच. मग पाचाचे पोटभाग, ५.० पासून ५.९ पर्यंत. पुढे लोक आणखी अवघड चढू लागले, तेव्हा ५.९ च्या पुढे काय? सहा म्हणता येईना, म्हणून ५.१०! गणितवाले डोक्याला हात लावतात, पण सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळतं की हा दशांश नाही, हा व्हर्जन नंबर आहे.

या प्रकाराशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांचे मावळे कोंढाण्यावर रात्रीच्या अंधारात कड्यावरून चढले. घोरपडीची गोष्ट लोककथेतली म्हणून बाजूला ठेवली तरी दोर आणि कडा होताच. आणि रायगडच्या हिरकणीची कथा तर आपण मुलांना सांगतोच. पण त्या कथेतली एक गोष्ट चढणाऱ्यांनाच चटकन कळते. ती कडा चढली नाही, *उतरली*. उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड असतं. चढताना खोबण डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाखाली असते आणि दिसत नाही. मांजरसुद्धा झाडावर सहज चढतं आणि मग वर बसून म्यांव म्यांव करतं!

आज सह्याद्रीत लिंगाणा, जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका, खंडाळ्याची नागफणी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही प्रस्तरारोहकांची तीर्थक्षेत्रं आहेत. इथे रास अल खैमा भागात चुनखडीच्या उंचच उंच भिंती आहेत. देखण्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ठिसूळ. धरलेला दगड हातात येतो. त्यामुळे शिकायचं असेल तर सुरुवात घरात, म्हणजे इनडोअर भिंतीवर करा. अबू धाबीला यास बेटावर २०१९ पासून ४३ मीटर उंचीची भिंत आहे, दुबईत लहान भिंती आहेत. मुलांना जरूर न्या. टोकियोच्या ऑलिंपिकपासून हा ऑलिंपिकमधला खेळ झाला आहे, तेव्हा "याने पुढे काय होणार?" या प्रश्नालाही उत्तर आहे.

आणि चौथं, माउंटेनिअरिंग, गिर्यारोहण. यात वरचे तिन्ही प्रकार येतात. चालणं आहे, दिवसेंदिवसांचे मुक्काम आहेत, कातळ आहे. पण त्यात भर पडते बर्फाची, हिमनद्यांची, हवामानाची आणि विरळ हवेची, सगळ्यांची एकदम. बर्फाखाली लपलेल्या हिमदऱ्या असतात, वरून हिमकडे कोसळतात. बुटांना क्रॅम्पॉनचे लोखंडी दात लावून, हातात बर्फाची कुऱ्हाड म्हणजे आइस ऍक्स घेऊन चालावं लागतं. जाता जाता सांगतो, इथल्या मुसंदम आणि रास अल खैमाच्या डोंगरांत राहणाऱ्या शिहूह लोकांकडे 'जर्ज' नावाची लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड असते. चालताना काठी, वेळेला हत्यार. आल्प्समधल्या गिर्यारोहकांची काठी आणि कुऱ्हाडही अशीच एकत्र आली. बर्फ आणि वाळवंट, डोंगरातल्या माणसाला सुचतं ते सारखंच!

याच शिहूह लोकांनी वाडी गलिलाच्या भिंतीत आपल्या वरच्या वस्त्यांकडे जायला दगड रचून पायऱ्या केल्या. आज तिला 'स्टेअरवे टू हेवन' म्हणतात. आपल्या नाणेघाटाच्या आणि हरिहरच्या पायऱ्यांचीच ही दूरची बहीण. पण गिर्यारोहणात अशी कोणी करून ठेवलेली पायरी नसते. काल होती ती वाट आज बर्फाने पुसलेली असू शकते. मग परतीची वाट कोण सांभाळणार? वाट नाही, नियोजन अर्धवट, दोर काही ठिकाणीच. शेवटी उरतो तो *निर्णय*. आत्ता, इथून, मागे फिरायचं की नाही.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे १० मे १९९६ चा एव्हरेस्ट. अनेक गट एकाच दिवशी शिखराकडे निघाले होते. दुपारी दोनपर्यंत शिखर आलं नाही तर मागे फिरायचं, असं बोलणं झालेलं होतं. पण वर दोरांपाशी गर्दी झाली, उशीर झाला, आणि शिखर समोर दिसत असताना घड्याळ कोण बघतो? कित्येक जण दोननंतरही चढत राहिले. संध्याकाळी वादळाने गाठलं. त्या दोन दिवसांत त्या पर्वतावर आठ जण गेले, त्यांत अतिशय अनुभवी गाइडही होते. पण त्याच गर्दीतले तीन जण, हचिसन, कासिश्के आणि टास्क, सकाळी साडेअकराच्या सुमारास हिशोब करून मागे फिरले. शिखर हाताशी असताना. ते तिघे घरी परतले. त्यांची नावं शिखरवीरांच्या यादीत नाहीत. मला विचाराल तर त्या दिवशीची उत्तम गिर्यारोहणाची कामगिरी त्यांचीच.

अर्थात निर्णय बरोबर असूनही पर्वत ऐकत नाही, असंही होतं. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा २' या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन झालं. दोन डझनांहून अधिक तरुण मुलं आणि प्रशिक्षक त्यात गेले. शिस्तीत, अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली शिकत असताना. मी त्याच संस्थेत शिकलो आहे, त्यामुळे ती बातमी वाचताना हात थरथरले. म्हणून गिर्यारोहणाला मी कधीही 'सहल' म्हणत नाही.

तरीही मराठी माणूस तिकडे जातो, आणि अभिमान वाटावा असा जातो. सह्याद्रीत बर्फाचा कण नाही. पण १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, तो पहिला महाराष्ट्रीय. १९ मे २०१२ ला पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर गेले. २०१९ मध्ये त्याच संस्थेचे दहा जण ८५८६ मीटरच्या कांचनजुंगावर. यातली बहुतेक मंडळी नोकरी-धंदा सांभाळून सह्याद्रीच्या कड्यांवर घडलेली. आणि "आम्ही तर दुबईत, आम्हाला कसं जमणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी, इथल्याच बँकेत नोकरी करणाऱ्या पाकिस्तानी नैला कियानी यांनी २०२१ पासून आठ हजार मीटरवरची शिखरं एकामागून एक केली. तेव्हा राहतो कुठे हा प्रश्न नाही, शिकतो किती हा आहे.

नावांचा एक सापळाही सांगून ठेवतो. नेपाळमध्ये काही शिखरांना 'ट्रेकिंग पीक' म्हणतात. मेरा पीक, आयलंड पीक वगैरे. नाव ट्रेकिंगचं, उंची सहा हजारांच्या वर, आणि प्रत्यक्षात क्रॅम्पॉन, दोर, हिमनदी सगळं. ते नाव परवान्याच्या सोयीचं आहे, तुमच्या सोयीचं नाही. जाहिरातीत 'अनुभवाची गरज नाही' असं लिहिलेलं दिसलं, तर तोच माझा प्रश्न विचारा. परतीची वाट कोण सांभाळणार? उत्तर 'आमचा गाइड' एवढंच आलं तर दुसरी कंपनी बघा.

आता शेवटाकडे येतो. हे चार प्रकार म्हणजे प्रमोशनची शिडी नव्हे. ज्युनिअर, सीनिअर, मॅनेजर, डायरेक्टर असं इथे नाही. आयुष्यभर आनंदाने हायकिंग करणारा माणूस गिर्यारोहकापेक्षा कमी नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. आपण हायकिंग करता करता नकळत दुसऱ्या प्रकारात शिरतो, आणि ते कळत नाही, तिथे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात-आठ कुटुंबं रास अल खैमाजवळच्या एका वाडीत गेलो होतो. छान वाट, मुलं पुढे पळत होती. तासाभराने एक कोरडा धबधबा आडवा आला. दीड पुरुष उंचीचा गुळगुळीत कातळ. दोन-तीन बाबालोक भराभर चढून वर गेले, "या या, सोपं आहे!" म्हणून हात देऊ लागले. चढायला सोपाच होता. मी विचारलं, "मुलं इथून उतरतील का?" सगळे गप्प. वाकून बघितलं तर उतरताना पाय ठेवायची खोबण दिसतच नव्हती. आम्ही तिथेच थांबलो, वरची मंडळी जरा कसरत करून खाली आली, डबे उघडले, पुरणपोळ्या खाल्ल्या आणि परत फिरलो. मुलं हिरमुसली. एक बाबा गाडीत बसेपर्यंत पुटपुटत होते. घरी सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि तेच बरं झालं.

काही ज्येष्ठ विचारतात, या उपद्व्यापांचा समाजाला उपयोग काय? त्यांना मी २८ जुलै २०१८ ची आठवण देतो. पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली. भर पावसात दोर लावून त्या दरीत उतरले ते महाबळेश्वर आणि परिसरातले हौशी ट्रेकर्स. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तिथे गाडीरस्ता नव्हता. चिखलातून रात्री वर चढून मदतीला गेलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची मंडळी होती. त्यांनी आपल्या हौशीसाठी शिकलेली विद्या दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी वापरली. ही आपल्या मराठी डोंगरवेडाची खरी कमाई आहे, आणि परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना किल्ल्यांच्या चित्रांबरोबर हेही सांगायला हवं.

तर मंडळी, आपली शनिवारची सहल ही हायकिंग आहे. आजींना तसं निश्चिंतपणे कळवा! बस पहाटे साडेपाचला सुटेल. सँडल नकोत, बूट हवेत. टोपी, माणशी तीन लिटर पाणी आणि थोडं खारं खाणं. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार हे घरी किंवा शेजारी सांगून या. वर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. अडचण आली तर ९९९ हा नंबर लहान मुलांनाही पाठ असू दे. सकाळी अकरा वाजता आपण जिथे असू तिथून परत फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. आणि हात टेकल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशी जागा आली, तर चढण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने विचारायचं, "इथून उतरता येईल का?" लहान मुलाने विचारलं तरी सगळ्यांनी थांबायचं. हा एवढा एकच नियम मोडू नका, बाकी गाणी, भेंड्या, दंगा, सगळ्याला परवानगी आहे.

कोणाला इनडोअर भिंतीवर शिकायचं असेल किंवा नेपाळचा बेत चालू असेल तर चहाच्या वेळी भेटा. पॉलिसीची कागदपत्रं आणलीत तर तीही वाचून देतो, कन्सल्टिंग फी न घेता!

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.